ब्रेक पॅडची झीज आणि तिची किंमत: चामड्याच्या पट्टीपासून तांब्याच्या बंदीपर्यंत

१/
पिकअपचे पुढचे ब्रेक पॅड आणि डिस्क बदलण्याची वेळ आली की सुट्या भागांच्या दुकानात गाडीमालकापुढे एकाहून अधिक खोकी येतात. एकावर ‘सेमी-मेटॅलिक’, दुसऱ्यावर ‘सिरॅमिक’, तिसऱ्यावर ‘ॲस्बेस्टॉसमुक्त’ असे छापलेले असते. डिस्क साधी, खाचांची किंवा भोकांची असते. पॅडच्या कडेवर ‘एफ-एफ’ किंवा ‘जी-जी’ अशी अक्षरे असतात. काही खोक्यांवर पानांचे लहानसे चिन्हही असते. बहुतेक ग्राहक किंमत विचारतो आणि खोके उचलतो. वास्तविक ह्या प्रत्येक शब्दामागे एक वाद, एक शोध किंवा एखाद्या माणसाचा मृत्यू आहे. हा धागा त्या शब्दांचा इतिहास.

२/
प्रथम मूळ प्रश्न. ब्रेक गाडीचा वेग नाहीसा करत नाही. तो वेगाची उष्णता करतो. एकूण २,५०० किलो वजनाची पिकअप ताशी ८० किलोमीटर वेगावरून थांबते, तेव्हा साधारण ६ लाख जूल उष्णता निर्माण होते. तेवढ्या उष्णतेत सुमारे २ लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला येईल. हीच गाडी खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरते तेव्हा ती जवळजवळ ५०० मीटर खाली येते. त्या उतारात मोकळी होणारी ऊर्जा १ कोटी २० लाख जूलच्या घरात जाते, म्हणजे वर सांगितलेल्या थांबण्याच्या सुमारे वीसपट. तिच्यातला काही भाग इंजिन आणि वारा घेतो. उरलेला सगळा भार पॅड आणि डिस्कवर पडतो.

३/
घर्षणाने उष्णता होते, तशी झीजही होते. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासले की एकाने झिजलेच पाहिजे. महाग आणि अवघड भाग टिकावा म्हणून स्वस्त, बदलता येणारा भाग आधी झिजू द्यावा, हे ब्रेक पॅडमागचे तत्त्व आहे. पॅड झिजण्यासाठीच बनवलेला असतो. येथून इतिहासाचा खरा प्रश्न सुरू होतो: झिजलेला पॅड शेवटी जातो कुठे?

४/
ऑगस्ट १८८८. जर्मनीतील मानहाइमहून बेर्टा बेन्झ आपल्या ऑयगेन आणि रिचर्ड ह्या दोन मुलांसह तीनचाकी मोटारीतून फोर्झहाइमकडे निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरहून थोडे अधिक. मोटारीचे जनक मानले जाणारे कार्ल बेन्झ हे त्यांचे पती. इतक्या लांबचा मोटारप्रवास तोवर कोणी केलेला नव्हता. इंधन त्यांनी वाटेतल्या औषधाच्या दुकानातून घेतले, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे. ब्रेकची गोष्ट तुलनेने कमी सांगितली जाते.

५/
त्या मोटारीचे ब्रेक म्हणजे चाकावर दाबले जाणारे लाकडी ठोकळे. डोंगराळ रस्त्याच्या उतारांवर ते झपाट्याने झिजू लागले. तेव्हा बाउश्लॉट ह्या गावी बेर्टा यांनी एका चांभाराकडून ठोकळ्यांवर चामडे ठोकून घेतले. ठोकळा तोच राहिला आणि त्यावरची पट्टी झिजली की बदलण्याची सोय झाली. आजच्या ब्रेक लायनरची कल्पना ह्याहून वेगळी नाही. मोटारीच्या इतिहासातील हा पहिला ज्ञात लायनर एका चांभाराच्या हातून, रस्त्याच्या कडेला तयार झाला.

६/
नऊ वर्षांनंतर, १८९७ मध्ये, इंग्लंडच्या डर्बिशर परगण्यात हर्बर्ट फ्रूड यांनी हाच विचार पुढे नेला. तिथल्या डोंगराळ रस्त्यांवर घोडागाडीवाले उतारावर ब्रेकच्या ठोकळ्याला जुन्या बुटांचे तुकडे बांधत असत, हे त्यांनी पाहिले होते. बूट जळून जाई. फ्रूड यांनी कापडी पट्टे राळेसारख्या चिकट द्रव्यांत भिजवून, दाबून अधिक टिकाऊ ठोकळे बनवले. चॅपल-एन-ले-फ्रिथ येथे त्यांचा कारखाना वाढला. त्यांच्या आडनावाची अक्षरे उलटसुलट करून आणि पत्नी एलिझाबेथ यांच्या नावातले एक अक्षर मिळवून ‘फेरोडो’ हे नाव तयार झाले. ते आजही पॅडच्या खोक्यांवर दिसते.

७/
कापसाच्या पट्ट्याला एक मर्यादा होती. घोडागाडीच्या वेगाला तो पुरे. मोटारीच्या वेगात तो करपू लागे. न जळणारा धागा हवा होता आणि निसर्गाने तो खनिजाच्या रूपात आधीच देऊन ठेवला होता: ॲस्बेस्टॉस. १९०८ मध्ये फ्रूड यांनी ॲस्बेस्टॉस विणलेले लायनर आणले. अमेरिकेत ‘रेबेस्टॉस’नेही त्याच दशकात हाच मार्ग धरला. ॲस्बेस्टॉस सूतासारखा कातता येई, कापडासारखा विणता येई, राळेत मिसळता येई, उष्णता सोसे आणि स्वस्तही होता. ब्रेकसाठी ह्याहून सोयीचा पदार्थ त्या काळी कोणाला सुचला नसता.

८/
आता डिस्ककडे. डिस्क ब्रेक आधुनिक वाटतो, पण त्याचे पेटंट १९०२ चे आहे. बर्मिंगहॅमचे अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी चाकाबरोबर फिरणारी धातूची पातळ चकती आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटणारे तुकडे अशी रचना मांडली. चिमटणारे तुकडे तांब्याचे होते. तांबे लवकर झिजे आणि धातूवर धातू घासल्याने कान किटवणारा आवाज होई. त्या काळचे रस्तेही धुळीचे, त्यामुळे उघड्या चकतीवर सतत कचरा बसे. कल्पना योग्य होती, पण चकतीला शोभेल असा पॅड त्या काळी नव्हता.

९/
म्हणून बाजी मारली ड्रमने. १९०२ मध्येच फ्रान्सच्या लुई रेनॉ यांनी ड्रमच्या आतून बाहेर दाबणाऱ्या पट्ट्यांचा ब्रेक पुढे आणला. ड्रम बंद असतो, धूळ आत कमी जाते. शिवाय फिरणारा ड्रम आतल्या शूला स्वतःच ओढून घेतो आणि पकड वाढवतो, म्हणून पायाचा जोर कमी लागतो. १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मोटारीत माल्कम लॉकहीड यांची द्रवाच्या दाबावर चालणारी रचना चारही चाकांना आली. पायाचा दाब सर्व चाकांवर सारखा पोहोचू लागला.

१०/
पिकअप ह्या कथेत १९२५ मध्ये शिरतो. त्या वर्षी फोर्डने मॉडेल टी गाडीला कारखान्यातच मागे मालाची पेटी बसवून ती २८१ डॉलरला विकायला काढली. तिचा पायाचा ब्रेक चाकांवर नव्हताच. तो गिअरच्या पेटीतील एका पट्ट्यावर चाले. फोर्डने द्रवदाबाचे ब्रेक स्वीकारायला १९३९ चे मॉडेल उजाडावे लागले. येथे पिकअपची कायमची अडचण लक्षात येते. मोटारीचे वजन जवळपास ठरलेले असते. पिकअप सकाळी रिकामी धावते आणि दुपारी टनभर माल घेऊन उतरते. ब्रेक मात्र दोन्ही वेळी तेच असतात.

११/
वजन आणि वेग वाढू लागले तसा ड्रमचा दोष उघड झाला. लांब उतारावर ड्रम तापतो, तापला की प्रसरण पावतो आणि शूपासून दूर जातो. पेडल खाली जाते आणि पकड सुटते. उष्णता आत कोंडलेली असल्याने ती लवकर बाहेरही पडत नाही. डिस्कच्या बाबतीत नेमके उलटे घडते. ती तापून जाड झाली तर पॅडच्या अधिक जवळ येते आणि उघडी असल्याने वाऱ्याने थंड होते. लँचेस्टर यांची कल्पना अर्धे शतक वाट पाहत होती. मधल्या काळात विमानांनी ती वापरून पाहिली. जड विमान आखूड धावपट्टीवर थांबवायला डिस्क उपयोगी पडली.

१२/
मोटारींना तिची खात्री पटली ती शर्यतीत. डनलॉप आणि जॅग्वार यांनी मिळून चाचण्या केल्या; चाचणी-चालक नॉर्मन ड्यूइस यांचे त्यात मोठे योगदान होते. १९५२ मध्ये रँस येथे स्टर्लिंग मॉस यांनी डिस्क ब्रेकच्या जॅग्वारवर शर्यत जिंकली. पुढच्या वर्षी ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांची जॅग्वार पहिली आली. सरासरी वेग ताशी १७० किलोमीटर. ल माँच्या लांब सरळ पट्ट्याच्या टोकाला तीव्र वळण आहे. ड्रमवाले चालक तिथे लवकर ब्रेक दाबत आणि ब्रेक जपून वापरत. जॅग्वार वळणाच्या पुष्कळ जवळ जाऊन ब्रेक लावी आणि चोवीस तासांनंतरही तिची पकड कायम होती.

१३/
१९५५ च्या पॅरिस प्रदर्शनात सित्रोएन डीएस पुढच्या चाकांना डिस्क घेऊन आली आणि शर्यतीतली वस्तू घराघरांत पोहोचू लागली. अमेरिकेतील शेव्हरले पिकअपना पुढच्या डिस्क सर्रास मिळाल्या त्या १९७१ मध्ये. भारतातील बहुतेक पिकअपमध्ये आजही पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो. ब्रेक लावताच गाडीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे अधिक काम पुढच्या चाकांना करावे लागते. मागचा ड्रम स्वस्त पडतो आणि हँडब्रेकलाही सोयीचा असतो. पुढे पॅड आणि मागे लायनर अशी दोन युगे एकाच गाडीखाली नांदतात ती ह्यामुळे.

१४/
डिस्क बहुधा करड्या बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची असते. ह्या बिडात ग्राफाइटच्या पापुद्र्या असतात. त्या उष्णता लवकर वाहून नेतात आणि कंपन शोषून घेतात, म्हणून आवाज कमी होतो. जड गाडीची डिस्क दोन चकत्या जोडल्यासारखी असते आणि मधल्या पोकळीतून वारा खेळतो. डिस्क म्हणजे उष्णतेची तात्पुरती साठवण. ती जितकी जड, तितकी सावकाश तापते. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, तो ह्याच कारणासाठी. त्याखाली झिजलेली डिस्क दिसायला धड असली, तरी घाटाची उष्णता साठवायला तिच्यात पुरेसे लोखंड उरलेले नसते.

१५/
भोकांची आणि खाचांची डिस्क ही शर्यतीची देणगी. त्या काळचे पॅड अति तापले की त्यांतील राळेतून वायू सुटे आणि पॅड व डिस्क यांच्यामध्ये त्याचा पातळ थर बसे. भोकांतून आणि खाचांतून तो निसटून जाई. आजच्या पॅडमधून इतका वायू सुटत नाही. भोके मात्र डिस्कमधले लोखंड कमी करतात आणि वारंवार तापण्या-निवण्याने भोकांच्या कडांपासून तडे जाऊ लागतात. ओझे वाहणाऱ्या पिकअपला साधी, जड, हवा खेळती असलेली डिस्क अधिक शोभते. भोके दिसायला रुबाबदार असतात, एवढेच.

१६/
येथे कथा कारखान्याच्या आत जाते. इंग्लंडमधील रॉचडेल येथे टर्नर ब्रदर्स यांचा ॲस्बेस्टॉसचा कारखाना होता. तिथे नेली कर्शॉ ही कामगार स्त्री कच्च्या ॲस्बेस्टॉसचे सूत काती. १४ मार्च १९२४ रोजी वयाच्या ३३ व्या वर्षी तिचा मृत्यू झाला. डॉ. विल्यम कूक यांनी तिच्या फुप्फुसांची तपासणी केली, तेव्हा त्यांत खनिजाचे कण आढळले. कंपनीने जबाबदारी नाकारली. नुकसानभरपाई दिली नाही आणि अंत्यसंस्काराचा खर्चही दिला नाही. कूक यांनी हे प्रकरण त्याच वर्षी वैद्यकीय नियतकालिकात मांडले आणि १९२७ मध्ये ह्या रोगाला ‘ॲस्बेस्टॉसिस’ हे नाव वापरले. तोपर्यंत टर्नर यांच्या उद्योगसमूहाने फेरोडोही आपल्यात सामावून घेतली होती.

१७/
१९३० मध्ये मेरेवेदर आणि प्राइस यांचा सरकारी अहवाल आला. धूळ जितकी जास्त आणि काम जितके दीर्घ, तितका रोग अधिक, हे त्यात स्पष्ट झाले. ब्रिटनने १९३१ मध्ये नियम केले. परंतु हे नियम कारखान्यांतील ठरावीक प्रक्रियांपुरते होते. ड्रम उघडून आतली धूळ फुंकून टाकणारा गॅरेजचा मिस्त्री त्यांच्या कक्षेत नव्हता. सूत कातणारी स्त्री साखळीच्या एका टोकाला होती आणि हा मिस्त्री दुसऱ्या टोकाला. दोघांच्या मधल्या नफ्याचा हिशेब नीट ठेवला गेला. ह्या दोन टोकांचा मात्र कोणी ठेवला नाही.

१८/
अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात स्ट्रॅटफर्ड हे गाव आहे. रेबेस्टॉसचा वारसा चालवणाऱ्या रेमार्क कारखान्यात तिथे १९१९ पासून १९८९ पर्यंत ब्रेकचे भाग बनत. कारखान्याचा गाळ आणि कचरा गावात खड्डे बुजवायला, सखल जमिनी उंच करायला भराव म्हणून वापरला गेला. त्यात ॲस्बेस्टॉस होते, शिसेही होते. पुढे शाळेचे मैदान आणि घरांची आवारे उकरून स्वच्छ करावी लागली. १९९५ मध्ये ही जागा देशातील अतिप्रदूषित स्थळांच्या यादीत गेली. गाड्या थांबवणाऱ्या वस्तूचा कचरा गावाच्या पायाखाली दशकानुदशके पडून होता.

१९/
महाराष्ट्रही ह्या साखळीबाहेर नाही. मुंबईत घाटकोपरला हिंदुस्थान फेरोडो कंपनीचा कारखाना होता आणि तिथे ॲस्बेस्टॉसचे ब्रेक लायनर बनत. देशभरच्या ॲस्बेस्टॉस कामगारांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला, तेव्हा २७ जानेवारी १९९५ रोजी न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग ठरवला. कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी सुरू झाल्यापासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर जपावी, असा आदेश झाला. इतकी दीर्घ मुदत का? हा रोग धूळ छातीत गेल्यावर कित्येक दशकांनी प्रकट होतो. कामगार घरी बसलेला असतो आणि तेव्हा कारखाना त्याला विसरलेला असतो.

२०/
बंदीचा मार्ग सरळ नव्हता. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९८९ मध्ये बहुतेक ॲस्बेस्टॉस वस्तूंवर बंदी घातली. १९९१ मध्ये न्यायालयाने ती बव्हंशी रद्द केली. ब्रिटनने १९९९ मध्ये पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवरही बंदी आणली. युरोपीय संघात ती २००५ पासून सर्वत्र लागू झाली. अमेरिकेत पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवरील नवा नियम थेट २०२४ मध्ये आला आणि सुट्या भागांच्या बाजारातले ब्रेक लायनर त्यात स्पष्टपणे समाविष्ट झाले. भारतात पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर सरसकट बंदी अद्याप नाही. म्हणून येथील ग्राहकासाठी खोक्यावरचा ‘ॲस्बेस्टॉसमुक्त’ हा शब्द वाचण्यासारखा आहे आणि बेनामी, बिनछापाचा स्वस्त पॅड टाळण्यासारखा.

२१/
ॲस्बेस्टॉसच्या जागी काय आले? एकच पदार्थ त्याचे सगळे गुण देईना, म्हणून तीन वाटा फुटल्या. पहिली ‘ऑरगॅनिक’. राळ, रबर, वनस्पतिज तंतू आणि ॲरामिड यांचे मिश्रण. ॲरामिड तंतूंतील प्रसिद्ध केव्हलारचा शोध ड्यूपाँमधील रसायनशास्त्रज्ञ स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ मध्ये लावला होता. हा पॅड मऊ आणि शांत असतो, डिस्क कमी खातो. पण लवकर झिजतो आणि फार तापला की दमतो.

२२/
दुसरी वाट ‘सेमी-मेटॅलिक’. १९७० च्या दशकात पसरलेल्या ह्या पॅडमध्ये पोलादी तंतू आणि लोखंडाची पूड असते. तो उष्णता सोसतो आणि ओझ्याखाली पकड टिकवतो. मात्र आवाज अधिक करतो, काळी धूळ सोडतो आणि डिस्क लवकर झिजवतो. तिसरी वाट ‘सिरॅमिक’. ह्यात सिरॅमिक तंतू आणि, पुष्कळ वर्षे, तांब्याचे बारीक तंतू असत. हा शांत असतो, फिकट धूळ सोडतो आणि शहरातल्या मोटारीला उत्तम. नेहमी भरलेल्या, घाट उतरणाऱ्या पिकअपला सहसा सेमी-मेटॅलिक अधिक मानवतो. लँचेस्टर यांच्या पॅडमधले तांबे शतकभराने अशा रीतीने परत आले होते. ह्या वेळी तक्रार वेगळीकडून आली.

२३/
तक्रार माशांची होती. पॅड झिजला की तांब्याची पूड रस्त्यावर पडते, पावसाबरोबर ओढ्यात जाते. पाण्यात विरघळलेले अत्यल्प तांबेही सामन माशाच्या पिलांची गंधशक्ती बिघडवते. सामन गंधावरून शत्रू ओळखतो आणि गंधावरूनच आपल्या जन्माच्या नदीकडे परततो. २०१० मध्ये वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया ह्या अमेरिकी राज्यांनी कायदे केले: पॅडमधले तांबे २०२१ पर्यंत ५ टक्क्यांखाली आणि २०२५ पर्यंत अर्ध्या टक्क्याखाली आणावे. खोक्यावरचे पानांचे चिन्ह तेथून आले. ‘ए’ म्हणजे शिसे, पारा, ॲस्बेस्टॉस यांची मर्यादा पाळलेली. ‘बी’ म्हणजे तांबेही ५ टक्क्यांखाली. ‘एन’ म्हणजे जवळजवळ तांबेविरहित.

२४/
कडेवरची दोन अक्षरे घर्षणाची श्रेणी सांगतात. पहिले अक्षर सामान्य तापमानाचे, दुसरे तापलेल्या स्थितीचे. ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. ‘एफ-ई’ असेल तर गरम झाल्यावर पकड कमी होते. ‘एफ-एफ’ असेल तर ती त्याच श्रेणीत राहते. मात्र ही चाचणी पॅडच्या लहानशा तुकड्यावर होते. टिकाऊपणा किंवा दर्जा तिच्यातून कळत नाही. युरोपचा ‘आर-९०’ हा नियम एक पाऊल पुढे जातो. त्यानुसार बदली पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या १५ टक्के आत-बाहेर असावी लागते. मूळ पॅडहून फार ‘कडक’ पकडणारा पॅडही तिथे नापास होतो, कारण पुढच्या-मागच्या चाकांचा तोल बिघडतो.

२५/
आता दुकानातल्या त्या खोक्यांकडे ह्या इतिहासाच्या नजरेने पाहता येते. आधी ओझे आणि रस्ता: गाडी भरून घाट उतरते की रिकामी गावात फिरते? त्यावरून पॅडची जात ठरते. मग डिस्कची जाडी मोजावी. कोरलेल्या किमान आकड्याजवळ आली असेल, तर केवळ नवे पॅड घालणे ही काटकसर नव्हे. एका ॲक्सलवरची दोन्ही बाजूंची जोडी एकदमच बदलावी. नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगावरून अनेकदा सावकाश ब्रेक लावून, मध्ये डिस्क निवू देऊन, ते रुळवावे. ‘डिस्क वाकडी झाली’ म्हणून जी थरथर सांगितली जाते, तिचे कारण पुष्कळदा डिस्कची जाडी असमान झिजणे किंवा पॅडचा थर तिच्यावर असमान बसणे हे असते. आणि उतारावर खालचा गिअर टाकावा. सर्वांत चांगला पॅडही इंजिनाची मदत मिळाली तर अधिक जगतो.

२६/
पॅड कुठे जातो, ह्या प्रश्नाचे उत्तर आजही पुरे झालेले नाही. २०२४ मध्ये संमत झालेल्या युरोपच्या ‘युरो ७’ नियमांत प्रथमच ब्रेकच्या धुळीवर मर्यादा आली: बहुतेक मोटारींना किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम, विजेवर चालणाऱ्यांना ३. धुराड्याचा धूर मोजणारे जग आता चाकाशेजारची धूळ मोजू लागले आहे. तोवर गॅरेजमध्ये एक साधी गोष्ट करता येते. जुने पॅड किंवा लायनर काढताना हवेच्या पाइपने फुंकू नयेत. ओल्या फडक्याने किंवा पाण्याच्या फवाऱ्याने धूळ बसवावी आणि मिस्त्रीच्या नाकावर नीट बसणारा मास्क असावा. ड्रम उघडताना आत कोणत्या काळातला लायनर निघेल, हे बाहेरून कोणालाच दिसत नाही.